कुरुंदकरांचे इस्लामविषयक विवेचन आणि सामान्य मुसलमानाची श्रद्धा : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठीत इस्लामचा गंभीरपणे अभ्यास करणाऱ्यांची संख्या मोठी नाही. त्यांपैकी दोन अभ्यासक नांदेड-लातूर परिसराने दिले आहेत. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंगा येथे झाला. निलंगा तेव्हा हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होते. आज ते लातूर जिल्ह्यात आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ साली आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे झाला आणि त्यांचे अध्यापकीय व वैचारिक कर्तृत्व नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या आश्रयाने बहरले. पगडींचा 'सूफी संप्रदाय' हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. कुरुंदकरांचे 'जागर' आणि 'शिवरात्र' हे लेखसंग्रह अनुक्रमे १९६९ व १९७० साली आले. 'सेक्युलॅरिझम आणि इस्लाम' हा त्यांचा बहुचर्चित लेख 'शिवरात्र'मध्ये आहे.

उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असलेल्या संस्थानात दोघेही वाढले. मुसलमान शेजारी, मुसलमान अधिकारी, मोहरमची सवारी आणि पिराचा उरूस या गोष्टी त्यांना पुस्तकातून कळलेल्या नव्हत्या. असे असूनही त्यांच्या लेखनात एक प्रश्न मागेच राहतो. धर्मग्रंथ, धर्मशास्त्री आणि धर्मनेते काय सांगतात याचे विवेचन तेथे भरपूर आहे; परंतु कंधारचा पिंजारी, लातूरचा बागवान किंवा उदगीरच्या मुसलमान वस्तीतील एखादी स्त्री नेमके काय मानते, का मानते आणि ग्रंथातील सिद्धांताशी तिच्या मानण्याचा संबंध कोणता, याचे विवेचन फारसे नाही.

प्रस्तुत लेखात कुरुंदकरांच्या विवेचनाचा या एका अंगाने पुनर्विचार करावयाचा आहे. पगडींचा ग्रंथ तुलनेसाठी घेतला आहे. या प्रश्नाला केवळ अभ्यासपद्धतीचे महत्त्व आहे असे नाही. आपल्या परिसरात कुरुंदकर हे वाचण्याचे लेखक आहेत तसेच दाखला देण्याचे प्रमाणही आहेत. चर्चासत्रांत, व्याख्यानांत, वर्गांत त्यांचे इस्लामविषयक निष्कर्ष पुष्कळदा मूळ युक्तिवाद बाजूला ठेवून उद्धृत होतात. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत साधारणपणे दर सात व्यक्तींमागे एक व्यक्ती मुसलमान आहे. ज्या वर्गात हे निष्कर्ष सांगितले जातात त्या वर्गात मुसलमान विद्यार्थीही बसलेले असतात. ग्रंथाविषयी काढलेला निष्कर्ष त्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा लागू करण्याचा अधिकार अध्यापकाला आहे काय, हा या लेखामागील खरा प्रश्न आहे.

पगडी : ग्रंथातून दिसणारा सूफी

पगडी यांना फारसी व उर्दू या भाषा चांगल्या अवगत होत्या आणि मूळ साधनांपर्यंत जाण्याची त्यांची तयारी होती. मराठी वाचकाच्या मनात सूफी म्हणजे मुसलमानांतील वारकरी, असे एक सोयीचे समीकरण रूढ होते व आजही आहे. त्या समीकरणाला पगडींच्या ग्रंथाने छेद दिला. सूफी हे इस्लामच्या चौकटीतील साधक होते, शरीयत त्यांना सहसा त्याज्य वाटत नव्हती आणि धर्मप्रसार हेही त्यांच्या कार्याचे एक अंग होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. भाबड्या समन्वयवादाला आवर घालण्याचे हे काम मोलाचे होते.

परंतु पगडींच्या साधनांची मर्यादा ही त्यांच्या निष्कर्षांचीही मर्यादा आहे. सूफींची चरित्रे म्हणजे तजकिरे हे बहुधा शिष्यपरंपरेतील लेखकांनी आणि पुष्कळदा मूळ सत्पुरुषानंतर दीर्घ काळाने लिहिलेले असतात. आपल्या पिराने हजारो लोकांना इस्लामची दीक्षा दिली हे सांगण्यात अशा लेखकाला गौरव वाटतो. खुलताबादच्या सूफी केंद्राचा अभ्यास कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. समकालीन मल्फुजात, म्हणजे सूफींच्या संभाषणांच्या नोंदी, आणि उत्तरकालीन चरित्रे यांत त्यांनी काटेकोर भेद केला. धर्मांतराच्या ज्या कथा उत्तरकालीन साधनांत ठळक आहेत त्यांना जुन्या नोंदींत तसा आधार मिळत नाही, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली विजापूरच्या सूफींवर लिहिताना दुसरीच एक वाट दाखविली. सामान्य स्त्रियांपर्यंत सूफी कल्पना कशा पोहोचल्या याचा शोध घेताना त्यांनी दख्खनीतील चक्कीनामा व चरखानामा या रचनांकडे लक्ष वेधले. दळताना, सूत कातताना म्हणावयाच्या या रचनांत जात्याच्या खुंट्याला, पाळ्यांना, सुताच्या धाग्याला ईश्वरस्मरणाचा अर्थ दिलेला असतो.

आपल्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जात्यावरची ओवी ही मराठवाड्यातील बाईला परकी नाही. ज्या जात्यावर एकीने विठ्ठलाची ओवी म्हटली त्याच प्रकारच्या जात्यावर दुसरीने अल्ला-रसूलचे नाव घेतले. त्या दुसऱ्या बाईने इस्लामचे सिद्धांत अरबी ग्रंथातून घेतले नाहीत. ते तिला कामाच्या लयीतून मिळाले. त्या श्रद्धेला बिनसिद्धांताची म्हणता येणार नाही आणि ती ग्रंथाची नक्कलही नव्हे. ग्रंथ आणि व्यवहार यांच्यामधला हा थर पगडींच्या कक्षेत आला नाही.

कुरुंदकर : विवेचनाचे सूत्र व सामर्थ्य

कुरुंदकरांचा मार्ग निराळा आहे. त्यांना गूढवादात रस नाही. धर्म समाजाला बांधतो कसा आणि आधुनिक राज्याशी त्याचे नाते काय असावे, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे प्रतिपादन सूत्ररूपाने मांडायचे तर ते असे : सेक्युलॅरिझम म्हणजे सर्व धर्मांची सारखी स्तुती नव्हे; ऐहिक जीवनावर धर्माचा अधिकार न मानणे म्हणजे सेक्युलॅरिझम. इस्लामची प्रस्थापित परंपरा मात्र कायदा, कुटुंब आणि राज्य या साऱ्यांवर अधिकार सांगते. म्हणून या परंपरेची चिकित्सा झाल्याखेरीज मुसलमान समाजात सेक्युलर मूल्ये रुजणार नाहीत. सहिष्णुतेचे एखादे वचन काढून दाखविल्याने हा प्रश्न सुटत नाही. परंपरेने त्या वचनाचा कोणता अर्थ अधिकृत मानला हे पाहावे लागते.

या विवेचनाचे सामर्थ्य मान्य केल्याखेरीज त्याच्या मर्यादांविषयी बोलणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे कुरुंदकरांनी मुसलमानांना चिकित्सेस पात्र असे समान नागरिक मानले. टीका टाळणे हा पुष्कळदा आदराचा नव्हे, दुराव्याचा प्रकार असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ही कसोटी त्यांनी हिंदूंनाही लावली. मनुस्मृतीची चिकित्सा करणारा आणि गांधीहत्येच्या समर्थनाचा समाचार घेणारा हाच लेखक आहे. त्यामुळे इस्लामविषयीची त्यांची वाक्ये तेवढी उचलून वापरणाऱ्यांनी त्यांच्या विचारातील अर्धा भाग टाकून दिलेला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे, एक वचन नव्हे तर परंपरेने स्वीकारलेला अर्थ पाहावा, हे त्यांचे सूत्र पद्धतिशास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे.

आक्षेपाचा आरंभ याच सूत्रापासून होतो. परंपरेने स्वीकारलेला अर्थ पाहावयाचा असेल तर परंपरा म्हणजे कोण, हे ठरवावे लागेल. उलेमा म्हणजे परंपरा, की मशिदीत न गेलेला पण मृत्युशय्येवर कलमा म्हणणारा शेतमजूरही तिचा भाग? हिंदू समाजाचा विचार करताना आपण स्मृतिग्रंथ एका बाजूला आणि जात, कुळाचार, ग्रामदैवत दुसऱ्या बाजूला ठेवून दोहोंतील अंतर मोजतो. मनुस्मृती वाचली म्हणजे हिंदूंचे जीवन कळले असे कोणी म्हणत नाही. मुसलमानांच्या बाबतीत मात्र ग्रंथ आणि जीवन यांतील अंतर शून्य आहे असे गृहीत धरले जाते. कुरुंदकरांनी हे गृहीतक उघडपणे मांडले आहे असे नाही. तथापि त्यांच्या विवेचनाची सारी रचना त्यावर उभी राहते.

ईमान म्हणजे काय : धर्मशास्त्रातील वाद

येथे एक नेमका भेद करणे आवश्यक आहे. इस्लामी विद्यांत फिक्ह म्हणजे आचार व कायदा यांचे शास्त्र आणि कलाम म्हणजे श्रद्धेच्या सिद्धांताचे शास्त्र, अशी दोन वेगळी क्षेत्रे आहेत. कुरुंदकरांच्या विवेचनाचा भर फिक्ह आणि राज्यविचार यांवर आहे. 'इस्लाम काय सांगतो' या प्रश्नाचे उत्तर ते मुख्यतः कायद्यात आणि सत्तेच्या इतिहासात शोधतात. 'मुसलमान असणे म्हणजे काय' हा कलामचा प्रश्न मात्र त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी येत नाही.

वस्तुतः सामान्य माणसाच्या श्रद्धेचा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्राने आरंभापासून हाताळला आहे. इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांच्या परंपरेत ईमान म्हणजे अंतःकरणाने सत्य मानणे आणि मुखाने त्याचा उच्चार करणे. आचरण हे आवश्यक कर्तव्य खरे, पण ते ईमानाच्या व्याख्येचा भाग नाही. आचरणात चुकणारा पापी ठरेल, परंतु तो इस्लामच्या बाहेर जाणार नाही. या भूमिकेला खारिजींचा कडवा विरोध होता. मोठे पाप करणारा मुसलमानच नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, म्हणजे त्यांची शास्त्रपरंपरा अबू हनीफांची आहे.

पुढचा वाद अधिक उद्बोधक आहे. केवळ आई-बापांकडून ऐकून, स्वतः युक्तिवाद न करता ज्याने श्रद्धा स्वीकारली त्याचे ईमान ग्राह्य आहे काय? मुतजिली विचारवंतांना असे ईमान पुरेसे वाटत नव्हते. अशअरी पंडितांतही याविषयी मतभेद होते. हनफींना जवळच्या मातुरीदी परंपरेने मात्र ते ग्राह्य धरले. विचार न करण्याचा दोष त्याच्याकडे राहील, पण ईमान खरेच राहील. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी तर आयुष्याच्या अखेरीस सामान्य जनांना कलामच्या वादांपासून दूर ठेवावे असे प्रतिपादणारे एक स्वतंत्र पुस्तक लिहिले.

या तपशिलाचा अर्थ असा की, धर्मशास्त्रानेच सामान्य माणसाला ग्रंथाच्या पूर्ण अनुसरणाची अट घातलेली नाही. ग्रंथाचे अधिकार सांगणारे शास्त्र आणि अडाण्याच्या श्रद्धेला मान्यता देणारे शास्त्र ही एकाच परंपरेची दोन अंगे आहेत. कुरुंदकरांनी पहिल्या अंगाचे वर्णन समर्थपणे केले. दुसरे अंग मात्र विवेचनात आले नाही आणि त्यामुळे परंपरा आहे त्यापेक्षा अधिक एकजिनसी व अधिक ताठर दिसू लागली.

कंधारचा दर्गा आणि वसील्याचा प्रश्न

नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. लातूर शहरात सुरत शहावली यांचा दर्गा आहे. अशा ठिकाणी होणारे संदल, उरूस, गलेफ चढविणे, नियाज, फातिहा आणि नवस फेडण्यासाठी केलेली कंदुरी यांचे दर्शन आपल्यापैकी बहुतेकांना घडलेले आहे. त्यांत हिंदू भाविकही असतात. या दृश्यावरून अभ्यासक सहसा दोन निष्कर्ष काढतात. एक पक्ष म्हणतो, हा खरा भारतीय, समन्वयी इस्लाम. दुसरा पक्ष म्हणतो, हा धर्मांतरापूर्वीच्या हिंदू संस्काराचा अवशेष; खऱ्या इस्लामशी त्याचा संबंध नाही. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत असतात : दर्ग्यातील श्रद्धेला स्वतःचे धर्मशास्त्र नाही.

हे एकमत चुकीचे आहे. अल्लाच्या प्रिय भक्तामार्फत अल्लाकडे याचना करणे याला वसीला म्हणतात आणि कयामतच्या दिवशी पैगंबर श्रद्धावंतांसाठी रदबदली करतील या कल्पनेला शफाअत म्हणतात. या दोन्ही कल्पनांवर शतकानुशतके वाद झाले आहेत. शाह इस्माईल (मृत्यू १८३१) यांनी 'तक्वियतुल ईमान' या उर्दू पुस्तकात कबरीशी निगडित प्रथांवर कठोर टीका केली. त्यांत तौहीदला बाधा येते, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बरेलीच्या अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनी वसील्याचे समर्थन शास्त्राधारेच केले. म्हणजे दर्ग्यासमोर ओंजळ पसरणारी बाई धर्मशास्त्राच्या बाहेर उभी नसून, तिला नाव माहीत नसले तरी, एका धर्मशास्त्रीय वादाच्या एका बाजूला उभी असते. देणारा अल्लाच आहे, बाबा फक्त सांगणारे आहेत, अशा अर्थाचा खुलासा आपल्याकडील दर्ग्यांत सहज ऐकू येतो. हा वसील्याच्या सिद्धांताचा दख्खनी बोलीतील अनुवादच होय.

येथे भाषेचा मुद्दाही लक्षात घ्यावा लागतो. मराठवाड्यातील मुसलमान नमाजात अरबी उच्चारतो, मदरशात व प्रवचनात उर्दू ऐकतो, घरात दख्खनी बोलतो आणि बाजारात, शेतात, कचेरीत मराठी वापरतो. सिद्धांत वरच्या दोन भाषांत राहतात, श्रद्धा खालच्या दोन भाषांत जगते. अभ्यासक ज्या भाषेतील साधने वाचतो त्या भाषेतला मुसलमान त्याला दिसतो. इंग्रजी-मराठी-उर्दू ग्रंथांतून नेते व पंडित दिसतात. दख्खनीतील मन्नत, पाळणा, लग्नगीत, मर्सिया यांतून जो दिसला असता तो दिसत नाही.

त्याला जोडून बिरादरीचाही प्रश्न आहे. पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मण्यार, शिकलगार, कुरेशी, फकीर, मुलाणी हे सारे धर्मशास्त्राच्या दृष्टीने एकच उम्मत. परंतु व्यवसाय, सोयरीक आणि प्रतिष्ठा यांच्या दृष्टीने वेगळे समूह आहेत. गावगाड्यात मुलाण्याकडे जनावर हलाल करण्याचे काम होते आणि बलुत्याच्या व्यवस्थेत त्याला स्थान होते. त्याचा धर्म हा गावातील कामही होता. सत्ताधारी अभिजनांच्या इतिहासातून काढलेले इस्लामचे सूत्र या मुलाण्याला कितपत लागू पडते, हे तपासल्याखेरीज सांगता येणार नाही.

'अनल हक' ते 'अनल मलिक' : दावा आणि श्रद्धा

कुरुंदकरांची बाजू येथे नीट समजून घेतली पाहिजे. त्यांच्या पिढीने हैदराबाद संस्थानाचे अखेरचे पर्व पाहिले होते. मन्सूर हल्लाज या सूफीचा 'अनल हक', म्हणजे मीच सत्य, हा उद्गार प्रसिद्ध आहे. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनने त्याच वळणावर 'अनल मलिक', म्हणजे मीच राजा, ही घोषणा रूढ केली. संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा वाटेकरी आहे, असा तिचा आशय होता. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ होता. रझाकारांचे अत्याचार ज्यांनी अनुभवले त्यांना धर्म आणि सत्ता यांच्या युतीची भीती वाटली, हे स्वाभाविक होते. ही भीती कल्पनेतली नव्हती.

परंतु याच इतिहासातून दुसरा धडाही मिळतो. 'अनल मलिक' हे कलाम किंवा फिक्ह यांतील सूत्र नव्हते. ती मुसलमानांच्या नावाने केलेली एक राजकीय घोषणा होती. संस्थानी सत्तेत ज्याचा काडीचाही वाटा नव्हता त्या विणकराला व शेतमजुराला तिने राजा म्हटले. याच संस्थानात 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी या राजकारणाला विरोध केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण गमावले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यासमोर शरण आले. त्यानंतरच्या आठवड्यांत झालेल्या हिंसेची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविण्यात आली. तिचा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा या समितीचा अंदाज होता. आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे दिली होती. आजच्या लातूर जिल्ह्याचा प्रदेश त्या वेळी उस्मानाबाद व बीदर या जिल्ह्यांत होता. म्हणजे राजा असल्याचा दावा नेत्यांनी केला आणि त्याची किंमत ज्यांनी तो दावा केलाच नव्हता अशांनी चुकविली.

यावरून एक सूत्र मांडता येईल. धर्मशास्त्र किंवा धर्माधिष्ठित राजकारण हे श्रद्धेचे वर्णन नसते. श्रद्धावंतांवर सांगितलेला तो हक्क असतो. तो हक्क किती लोकांनी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत मान्य केला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कुरुंदकरांच्या विवेचनात हक्काचे विश्लेषण उत्तम आहे, त्याच्या स्वीकाराचे विश्लेषण अपुरे आहे. १९४८ नंतर मराठवाड्यातील मुसलमान जर मशिदीकडे व जमातीकडे अधिक वळला असेल, तर ते ग्रंथाच्या आदेशामुळे की असुरक्षिततेमुळे, हा प्रश्न ग्रंथ वाचून सुटणारा नाही.

सुधारणेचा प्रश्न व आजची स्थिती

हमीद दलवाई (१९३२–१९७७) हे कुरुंदकरांचे समवयस्क आणि सहविचारी. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांच्या वैचारिक लेखनात नेतृत्वाची चिकित्सा आहे, पण 'इंधन' (१९६५) या कादंबरीत मात्र कोकणातील गावातले मुसलमान त्यांच्या हेव्यादाव्यांसह, नात्यांसह, हिंदूंशी असलेल्या गुंत्यासह उभे राहतात. ललित लेखकाला जे दिसले ते वैचारिक निबंधात पूर्णपणे उतरले नाही. कुरुंदकरांच्या बाबतीत तर ललित लेखनाचा हा दुसरा मार्गही उपलब्ध नव्हता.

तोंडी तलाकचा पुढील इतिहास आपल्या मुद्द्याला पोषक आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविली. बहुमतातील न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी जो आधार घेतला तो कुराणाला ही प्रथा मान्य नाही हा होता. अहले हदीस पंथ एका वेळी उच्चारलेले तीन तलाक एकच धरतो, हेही सर्वश्रुत आहे. धर्मशास्त्र नाकारूनच सुधारणा होते असे नाही. धर्मशास्त्रातील अंतर्गत मतभेद हेही सुधारणेचे साधन होऊ शकते. शास्त्र एकजिनसी मानणाऱ्या विवेचनाला हे साधन दिसत नाही.

तथापि कुरुंदकरांच्या बाजूनेही एक मुद्दा मांडलाच पाहिजे, नाही तर ही समीक्षा एकांगी ठरेल. मौलाना इलियास यांनी १९२६ मध्ये मेवातात तबलीगचे कार्य सुरू केले. कलमा शुद्ध म्हणणे, नमाज शिकणे अशा प्राथमिक गोष्टी सामान्य मुसलमानाला शिकवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. औरंगाबादेत १९०३ मध्ये जन्मलेल्या मौलाना मौदुदींनीही केवळ जन्माने मुसलमान असणाऱ्यांवर टीका केली आणि १९४१ मध्ये जमाते इस्लामी स्थापन केली. सामान्य मुसलमान ग्रंथाप्रमाणेच चालत असता तर या चळवळींची गरजच पडली नसती. म्हणजे ग्रंथ व जीवन यांतील अंतर या चळवळींनीच मान्य केले आहे. परंतु ते अंतर कमी करण्यात त्यांना यशही आले. इम्तियाज अहमद यांनी १९८१ साली संपादित केलेल्या ग्रंथातून भारतीय मुसलमानांच्या श्रद्धांतील लोकरूढींचे स्थान पुढे आले, तेव्हा फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९८३ साली नेमका हाच आक्षेप घेतला : लोकरूढ इस्लाम स्थिर नाही, तो दीर्घकाळ ग्रंथाच्या दिशेने सरकत आहे. नांदेड-लातूरच्या गावांतही ज्या घरात आजी मोहरमच्या पंजासमोर ऊद जाळत असे त्या घरातील नातू आज ते बिदअत मानतो, असे चित्र विरळ नाही. कुरुंदकर १९८२ साली गेले. ग्रंथाचा अधिकार वाढत जाईल आणि त्याला सामोरे जावे लागेल, ही त्यांची चिंता निराधार नव्हती.

मात्र यातूनही त्यांच्या विवेचनाची दुरुस्तीच सुचते. ग्रंथाचा अधिकार हा त्यांनी आरंभबिंदू मानला. तो प्रत्यक्षात एका प्रक्रियेचा परिणाम आहे. प्रक्रिया म्हटली की तिची कारणे आली : छापखाना, उर्दू शिक्षण, स्थलांतर, आखाती देशांतील नोकरी, दंगलींची भीती, गरिबीतून वर आलेल्या कुटुंबाला हवी असलेली प्रतिष्ठा. आणि कारणे असतील तेथे बदलाची शक्यताही असते. स्वभावाला औषध नसते; इतिहासाला असते.

निष्कर्ष

१. पगडी व कुरुंदकर यांनी मराठीतील इस्लामचर्चेला भाबड्या समन्वयवादातून बाहेर काढले. हे कार्य आजही उपयुक्त आहे.

२. पगडींच्या साधनांमुळे शिष्यपरंपरेच्या लेखणीतील सूफी दिसतो. कुरुंदकरांच्या प्रश्नामुळे कायदा व राज्य यांतील इस्लाम दिसतो. सामान्य मुसलमानाची श्रद्धा दोहोंच्या कक्षेबाहेर राहते.

३. ही श्रद्धा बिनसिद्धांताची नाही. ईमानाची व्याख्या, अनुकरणातून आलेल्या श्रद्धेची ग्राह्यता आणि वसीला या वादांत तिला धर्मशास्त्रीय आधार आहे.

४. परंपरेने स्वीकारलेला अर्थ पाहावा, या कुरुंदकरांच्याच सूत्राचा विस्तार केला तर सामान्य श्रद्धावंतांचा अभ्यास अपरिहार्य ठरतो. त्यांच्यावरील हा आक्षेप त्यांच्याच पद्धतीतून निघतो.

५. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही. दख्खनी स्त्रीगीतांचे संकलन, दर्ग्यांतील मुजावर कुटुंबांच्या मौखिक परंपरा, बिरादऱ्यांचे रीतिरिवाज, १९४८ च्या कौटुंबिक आठवणी हे सारे साहित्य आपल्या दाराशी आहे. मराठी, उर्दू, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले पाहिजे. ज्यांच्या स्मरणात ही गीते आणि या आठवणी आहेत ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

कुरुंदकरांनी आपल्या वाचकाला कोणाचेही प्रमाण डोळे झाकून न मानण्याची सवय लावली. त्यांच्या इस्लामविषयक निष्कर्षांना प्रमाण मानून वर्गातील मुसलमान विद्यार्थ्याविषयी आधीच मत बनविणे हे त्या शिकवणीच्या विरुद्ध आहे. त्या विद्यार्थ्याला तो काय मानतो हे विचारणे आणि त्याचे उत्तर ग्रंथाशी ताडून पाहण्याआधी पूर्ण ऐकून घेणे, हे कुरुंदकरांनी आरंभिलेल्या चिकित्सेचे पुढचे पाऊल ठरेल.